बागेतील सौरदिवा आणि विजेरीचे सेल

वऱ्हाडात रब्बीचा हरभरा ओलिताला येतो तो हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि वरुड-मोर्शीकडील संत्राबागांना त्यानंतरही पाणी लागतेच. कृषी वाहिन्यांवरील थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत आल्यामुळे शेतकऱ्याला कित्येकदा मध्यरात्री दांडाकडे जावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली २०१७ पासून दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे. परंतु जेथे ती अद्याप पोहोचलेली नाही, तेथे काळोखात साप-विंचू दाखविणारी वस्तू म्हणजे हातातील विजेरीच. आपल्या खेड्यांत विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्या पोटातील वस्तूला ‘सेल’. या लेखातही सेल हाच शब्द योजला आहे.

या विजेरीचे सेल बागेत रोवण्याच्या लहानशा सौरदिव्यावर चार्ज करता येतात. अशा बहुतेक दिव्यांत १.२ व्होल्टचा, पुन्हा चार्ज होणारा एक पेन्सिल सेल असतो. वरची पट्टिका उन्हात वीज निर्माण करते व ती सेलमध्ये साठते. अंधार पडताच पट्टिकेचा दाब नाहीसा होतो आणि त्या खुणेवरून दिवा लागतो. रात्री साठलेली वीज पट्टिकेतून उलटी वाहून जाऊ नये म्हणून मध्ये एक डायोड असतो.

आता हिशेब पाहू. पट्टिका भर उन्हात ६० मिलिअँपिअर प्रवाह देते असे धरू. निरभ्र दिवशी सरासरीने ५ तास भर उन्हाइतके ऊन मिळाले, तर ३०० मिलिअँपिअर-तास वीज सेलकडे जाते. चार्ज होताना काही भाग उष्णतेत वाया जातो. हाती सुमारे २०० उरते. म्हणजे २,००० क्षमतेचा मोठा सेल भरावयास दहा दिवस लागतील. हे ऐकून कोणी नाउमेद होऊ नये. दोन सेलांची, १०० मिलिअँपिअर घेणारी एलईडी विजेरी दोन दिव्यांवरील एका दिवसाच्या उन्हात दोन तास चालते, आणि विजेरी काही रात्रभर पेटती ठेवावयाची नसते. चार दिवे व चार सेल असल्यास जोड्या आलटून-पालटून वापरता येतात. ओलिताचा हंगाम आणि वऱ्हाडातील निरभ्र आकाश एकाच वेळी येतात, हे या सोयीचे खरे बळ. पावसाळ्यात मात्र तिच्यावर विसंबू नये.

सर्वांत अधिक फसगत होते ती बटणापायी. काही दिव्यांत बटण बंद केल्यास चार्जिंगही थांबते. उलट ते चालू ठेवल्यास दिवसभरात साठलेली वीज रात्री दिवाच खाऊन टाकतो. म्हणून दिवसा बटण चालू ठेवावे आणि सूर्यास्तापूर्वी सेल काढून घ्यावा, हे उत्तम. अमरावती व अकोला सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहेत. तेव्हा पट्टिका दक्षिणेकडे साधारण तेवढेच अंश कलती ठेवावी. काळ्या मातीची धूळ दर दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावी. उन्हाळ्यात, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो तेव्हा, तापलेला सेल वीज नीट स्वीकारत नाही. शक्य तर सेलचे घर सावलीत ठेवून पट्टिका तेवढी तारेने उन्हात आणावी.

चार्ज न होणारे साधे सेल या दिव्यांत कदापि घालू नयेत. ते फुगतात व पाझरतात. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही येथे चालत नाहीत. एका विजेरीत नवा व जुना सेल एकत्र घालू नये. दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्यात उलटा प्रवाह ढकलून त्याचा नाश करतो. जोडीवर रंगाची खूण करणे एवढा उपाय पुरे.

शिक्षकांना यात विज्ञानाचा एक चांगला तास सापडेल. दिव्यातील सेल काढून पट्टिकेच्या दोन तारा मल्टिमीटरच्या प्रवाह मोजण्याच्या टप्प्याला जोडाव्यात. सकाळी, दुपारी, ढगाआड व धूळ पुसण्यापूर्वी आणि नंतर येणारे आकडे मुलांनीच फळ्यावर लिहावेत. ग्रामपंचायतीने निरुपयोगी सेल गोळा करण्यासाठी कार्यालयात एक डबा ठेवावा. जुन्या दिव्यांतील निकेल-कॅडमियम सेलांमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो, आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार असे सेल इतर कचऱ्यात मिसळावयाचे नाहीत.