धाब्याचा कठडा
शास्त्रपाठ : अनुवाद २२:८

मोशेच्या नियमशास्त्रांत घर बांधणाऱ्यास एक लहानशी आज्ञा आहे. बहुतेक वाचक तेथें न थांबतां पुढें जातात. नवें घर बांधणाऱ्यानें त्याच्या धाब्यास कठडा करावा, आणि कठड्यावांचून कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो, असें तींत सांगितलें आहे. येथें गोष्ट चोरीची किंवा खुनाची नाहीं, गवंडीकामाची आहे. घरधन्यानें जें करावयाचें तें न केल्यानें दुसऱ्याचा जीव गेला, तर तो केवळ अपघात म्हणून त्यास सुटतां येत नाहीं.

तें धाबें आमच्या मराठवाड्यांतील व सोलापुराकडील वाचकांस परकें नाहीं. त्यासच आपण माळवद म्हणतों. पालेस्तीनांतही तुळयांवर काटक्या व त्यांवर माती घालीत, आणि ती दगडी रुळानें दाबीत. कफर्णहूमांत चौघांनीं छप्पर उकरून पक्षाघाती मनुष्यास खालीं सोडलें, हें शहरांतल्या मुलांस समजावून सांगावें लागतें. माळवदाखालीं वाढलेल्या मुलांस तें ऐकतांच समजतें.

माळवदाची निगा आपल्याकडे मनापासून होते. मृगाच्या आधीं वरचें गवत उपटणें, भेगा बुजविणें, पन्हाळी मोकळ्या करणें आणि पांढऱ्या मातीचा नवा थर घालणें, हें वाडवडिलांपासून चालत आलें आहे. त्याविषयीं उपदेशाची गरज नाहीं. परंतु जुना थर न काढतां दरवर्षीं नवा घातला म्हणजे माती हळूहळू हातभर जाड होते. १० फूट लांब व १० फूट रुंद अशा खोलीवर १ फूट माती असली, तर ती १०० घनफूट झाली. तिचें वजन ४,००० किलोंहून अधिक भरतें, आणि पावसांत भिजल्यावर आणखी वाढतें. ज्यास आपण घराची काळजी म्हणतों, त्याच कामानें निजणाऱ्यांच्या डोक्यावरचा भार वाढत असतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व आसपासचीं अनेक गांवें जमीनदोस्त झालीं, आणि सुमारें ८,००० माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक झोपेंत होतीं. त्यांचे प्राण घेतले ते भिंतींनीं व माळवदांनीं. तेथील दगडी भिंती दोन-अडीच फूट, कोठें कोठें त्याहूनही जाड. पाहणारास गढीच वाटावी. पण ती एक भिंत नव्हतीच. आंत एक व बाहेर एक अशा दगडांच्या दोन रांगा, मध्यें माती व बारीक दगड, आणि दोहोंस बांधणारा आरपार दगड क्वचितच. धक्का बसतांच त्या रांगा एकमेकींपासून सुटल्या, आणि आधार गेलेलें माळवद निजलेल्यांवर आलें. त्याच भागांत कुडाच्या हलक्या झोपड्या मात्र बऱ्याच वांचल्या. कांहीं घरांत भिंती ढासळल्या तरी माळवद लांकडी खांबांवर असल्यामुळें उभें राहिलें.

अशा वेळीं हा पापाचा दंड असें म्हणणारे निघतातच. उपदेशक बंधूंनीं त्यांस लूक १३ वा अध्याय दाखवावा. शिलोहांतील बुरूज पडून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें आहे. मेलेल्यांचा दोष शोधण्यापेक्षां आपल्या भिंतीचा दोष शोधावा हें बरें.

तर मग आपल्या घरास कठडा तो कोणता? पहिलें काम भार उतरविण्याचें. जुने थर काढून माती वीतभरच ठेवावी, व तिच्याखालीं प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा. म्हणजे थोड्या मातीनेंही घर गळत नाहीं. माती उकरतांना खालीं कोणी असूं नये. मग खांब पाहावे. बूड वाळवीनें खाल्लें आहे कीं काय, तें टोचून पाहिल्यावांचून कळत नाहीं; वरून रंग दिलेला खांब तर फारच फसवितो. खांब व तुळई जेथें मिळतात तेथें तिरकस टेकू घट्ट बसवावा. भिंतीस पोट आलें असेल तर आंतल्या दोन रांगा सुटूं लागल्या आहेत असें समजावें, आणि चुन्याचा हात देऊन तें झांकूं नये. अशा भिंतीजवळचीं अंथरुणें त्याच दिवशीं हलवावीं, व जाणत्या गवंड्यास बोलवावें. उभ्या भिंतीचे दगड हलक्या हातानें काढून आरपार भोंक पाडतां येतें, आणि त्यांत सळई ठेवून काँक्रीट भरलें म्हणजे दोन्ही रांगा जोडल्या जातात. नव्यानें बांधणारानें भिंत दीड फुटाहून जाड करूं नये, व दर २ फूट उंचीस आणि दर ४ फूट अंतरावर आरपार दगड घालावा. गवंडी पुष्कळदां यास कंटाळतो, कारण लांब दगड शोधावा लागतो. घरधन्यानें उभें राहून तो घालून घ्यावा.

खर्चाची सबब माती उतरविण्यास लागू नाहीं. त्यास फावडें, घमेलें व चार हात पुरतात. ज्या विधवेच्या घरीं हात नाहींत तेथें मंडळींतील तरुणांनीं जावें. उपासनेची खोली माळवदाची असेल तर उपदेशकानें तिची भिंत सर्वांच्या आधीं पाहावी, कारण रविवारीं तेथें सगळी मंडळी एकत्र बसते. हें सर्व काम वैशाखांत, माती कोरडी असतां, उरकून घ्यावें.