'सॉल्व्ह' म्हणजे सोडवणे

गणिताच्या तासाला 'सोल्यूशन' म्हणजे उदाहरणाची उकल. तोच शब्द रसायनशास्त्राच्या तासाला आला, की त्याचा अर्थ होतो द्रावण. गणिताचे उत्तर आणि मिठाचे पाणी या दोहोंना इंग्रजीत एकच नाव कसे बरे पडले?

याचे उत्तर 'सॉल्व्ह' या क्रियापदाच्या मुळाशी आहे. लॅटिन भाषेत 'सॉल्व्हेरे' म्हणजे सैल करणे, मोकळे करणे. गाठ मोकळी केली, तर ती सुटते. मिठाच्या खड्यातील कण पाण्यात मोकळे झाले, तर खडा विरघळतो. म्हणून विरघळणे म्हणजे 'डिझॉल्व्ह' आणि द्रावक म्हणजे 'सॉल्व्हंट'. कर्ज फेडता न येणाऱ्या माणसालाही इंग्रजीत 'इन्सॉल्व्हंट' म्हणतात. त्याची ऋणातून सुटका झालेली नसते!

आता आपली मराठी पाहा. आपण गाठ सोडवतो, गहाण दागिना सोडवतो आणि गणितही सोडवतो. 'उकल' हा शब्दही गुंता उकलण्यातूनच आला. दोन दूरच्या भाषांना एकच कल्पना सुचली, ही मोठी गंमत आहे.

ग्रीक भाषेतही याच अर्थाचे क्रियापद आहे. त्यापासून 'ॲनालिसिस', म्हणजे विश्लेषण, हा शब्द झाला. विजेच्या साहाय्याने संयुगाचे घटक सुटे करण्याच्या क्रियेला मायकेल फॅराडे यांनी १८३४ मध्ये 'इलेक्ट्रोलिसिस' हे नाव दिले. त्यातही तेच ग्रीक मूळ आहे.

मुळाचा अर्थ कळला, की दोन चुका टळतात.

पहिली चूक विज्ञानातील. 'मीठ पाण्यात वितळले' असे पुष्कळ विद्यार्थी लिहितात. मीठ वितळायला सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते! पेल्यातील मीठ विरघळते. पाण्याचे रेणू त्याचे सोडियम व क्लोराइड आयन एकमेकांपासून सुटे करतात. हे द्रावण बशीत घालून उन्हात ठेवा. पाणी उडून जाईल आणि मीठ पुन्हा हाती येईल.

दुसरी चूक इंग्रजीतील. मराठीत आपण 'प्रश्न सोडवा' म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'सॉल्व्ह द क्वेश्चन' लिहून जातो. इंग्रजीत 'क्वेश्चन'ला 'आन्सर' करतात. 'सॉल्व्ह' करतात ते 'प्रॉब्लेम', 'पझल' किंवा समीकरण. जिथे काही गुंतलेले आहे, तिथेच 'सॉल्व्ह' शोभते.

समजा, ३क्ष + ५ = २० हे समीकरण आहे. क्ष भोवती दोन वेढे आहेत. बाहेरचा वेढा आधी काढा: दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, की ३क्ष = १५. मग आतला: ३ ने भागले, की क्ष = ५. क्ष मोकळा झाला!

पुढच्या वेळी एखादे उदाहरण अडले, तर उत्तराच्या मागे धावू नका. गाठीचा कोणता पदर आधी सैल होतो, ते शोधा.