डिफरन्शियल बदलण्यापूर्वी

मोटारीच्या मागील आसावरील डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलणे हे वरवर पाहता निखळ लोखंडी कारागिरीचे काम आहे. जुने क्राऊन व्हील आणि पिनियन काढावे, निराळ्या दात्यांची जोडी बसवावी, तेल भरावे, म्हणजे काम तडीस गेले, अशी कारागिरांची व मालकांचीही समजूत असते. आणि ज्या काळी स्वयंचलित गीअरबॉक्स केवळ तेलाच्या दाबावर आणि गव्हर्नरच्या फिरत्या वजनांवर आपले निर्णय घेत असे, त्या काळी ती समजूत फारशी चुकीची नव्हती. कारण त्या वेळी स्पीडोमीटरच्या केबलला फिरविणारे लहानसे दंतचक्र तेवढे बदलले की हिशेब जुळत असे. परंतु गीअर केव्हा आणि किती दाबाने बदलावा याचा अधिकार संगणकाकडे गेल्यापासून ही समजूत अपुरी ठरली आहे. मला याचा प्रत्यय एका जुन्या वाहनाने आणून दिला, आणि त्यापायी सोसावा लागलेला मनस्ताप व खर्च इतरांस टळावा, या हेतूने पुढील हकीकत लिहीत आहे.

नोकरीच्या निमित्ताने कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे वास्तव्य असताना मी सन २००० ची एक शेव्हरोले सिल्व्हरॅडो, केवळ मागील चाकांना गती देणारी, जुन्या बाजारातून खरेदी केली. हिच्यात जनरल मोटर्सचा ‘४एल६०-ई’ हा चार गतींचा गीअरबॉक्स आहे. १९८२ साली आलेल्या ‘७००आर४’ या तेलदाबावर चालणाऱ्या गीअरबॉक्सचा हा वंशज असून १९९३ पासून त्याचे नियंत्रण विद्युत्-झडपांच्या द्वारे संगणकाकडे देण्यात आले. त्याची गुणोत्तरे अनुक्रमे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० अशी आहेत. गावातल्या गावात हे वाहन निर्वेधपणे चाले. परंतु ११,००० फुटांहून अधिक उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणाऱ्या महामार्गावर काही वेळ एकसारख्या वेगाने गेले, की टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच सुटे, इंजिनचा इशारादर्शक दिवा पेटे, आणि त्यानंतर प्रत्येक गीअर असा धक्क्याने पडे की मागे ठेवलेले सामान हलून जाई.

संगणकाने नोंदविलेला दोषांक ‘पी १८७०’ असा होता, आणि त्याचा अर्थ गीअरबॉक्समधील एखादा घटक घसरत आहे असा होतो. या जातीच्या गीअरबॉक्समध्ये लॉक-अप क्लचचा दाब सांभाळणाऱ्या झडपेचे छिद्र झिजून हाच दोषांक वारंवार उद्भवतो, ही गोष्ट त्या धंद्यातील सर्वांस ठाऊक आहे. म्हणून ज्या कारखान्यात मी वाहन दाखविले त्यांनी फारशी तपासणी न करता गीअरबॉक्स उतरवून संपूर्ण दुरुस्त करण्याचा सल्ला दिला. त्या सल्ल्याला होकार देण्यापूर्वी दोन गोष्टींनी माझे मन थबकले. एक तर गीअरबॉक्सचे तेल स्वच्छ, तांबडे व जळकट वासापासून मुक्त होते, आणि जो क्लच खरोखरच घसरतो त्याच्या तेलात त्याची साक्ष उमटल्यावाचून राहत नाही. दुसरे असे की, लॉक-अप पक्का बसलेला असताना टॅकोमीटरवर दिसणाऱ्या फेऱ्या माझ्या हिशेबाशी जुळत नव्हत्या.

तो हिशेब कोणासही करता येण्यासारखा आहे. मैलांतील वेग, डिफरन्शियलचे गुणोत्तर, गीअरचे गुणोत्तर आणि ३३६ हा स्थिरांक यांचा गुणाकार करून त्याला टायरच्या इंचांतील व्यासाने भागले, की इंजिनाच्या मिनिटागणिक फेऱ्या निघतात. डॅशबोर्डमधील कप्प्यात चिकटविलेल्या पत्रकावर ‘जीयू६’ हा संकेत होता, म्हणजे कारखान्यातून निघताना या वाहनात ३.४२ चे डिफरन्शियल होते. तेव्हा ३० इंची टायरवर, चौथ्या गीअरमध्ये, ताशी ६५ मैलांना सुमारे १,७४० फेऱ्या व्हावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात २,०९० च्या आसपास होत असत. मग पुढील चाकांना अटकाव लावून, मागील आस भक्कम घोड्यांवर टेकवून आणि गीअर न्यूट्रलमध्ये ठेवून मी मागील दोन्ही चाके एकत्र एक पूर्ण फेरी फिरविली व प्रोपेलर शाफ्टवर केलेल्या खुणेच्या फेऱ्या मोजल्या. त्या साडेतीनच्या जवळपास न भरता चारांहून किंचित अधिक भरल्या. पूर्वीच्या मालकाने, बहुधा मागे जड ट्रेलर ओढण्यासाठी, ४.१० ची जोडी बसविली होती आणि विक्रीच्या वेळी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता.

येथे एक नवेच कोडे उभे राहिले. मूळ जोडीत ४१ व १२ दाते असतात, नव्या जोडीत ४१ व १०. म्हणजे रस्त्यावरील वेग तोच असताना प्रोपेलर शाफ्ट पूर्वीच्या १.२ पट वेगाने फिरणार, आणि वेगाचा संवेदक गीअरबॉक्सच्या शेपटाशी, म्हणजे डिफरन्शियलच्या अलीकडे असल्यामुळे, ताशी ६० मैलांना स्पीडोमीटरने ७२ दाखवावयास हवे होते. परंतु उपग्रहाधारित मापकाशी ताडून पाहता माझा स्पीडोमीटर अचूक होता. याचा उलगडा डॅशबोर्डखालील तारांमध्ये झाला. संवेदकाकडून येणाऱ्या तारेत मध्येच एक लहान विद्युत्-पेटी जोडलेली होती, आणि ती आलेल्या स्पंदांची संख्या १.२ ने भागून मगच संगणकाकडे पाठवीत होती.

त्या पेटीने स्पीडोमीटर सुधारला, परंतु गीअरबॉक्सच्या बाबतीत संगणकाची दिशाभूल केली. या गीअरबॉक्सचा संगणक इंजिनाच्या फेऱ्या आणि शेपटाकडील शाफ्टच्या फेऱ्या यांची सतत तुलना करतो व त्यावरून क्लच घसरतो की नाही हे ठरवितो. शाफ्टच्या फेऱ्या त्याला एकषष्ठांशाने कमी कळविल्या जात असल्यामुळे, इंजिन २,०९० फेऱ्या करीत असताना त्याच्या हिशेबाने त्या १,७४० च असावयास हव्या होत्या, आणि मधल्या ३५० फेऱ्या तो घसरणीच्या खात्यावर टाकीत होता. यंत्र निर्दोष असूनही त्याने दोषांक नोंदविला, लॉक-अप बंद केला आणि संभाव्य हानी टाळण्यासाठी तेलाचा दाब कमाल मर्यादेपर्यंत चढविला. धक्के बसत होते ते या वाढीव दाबामुळे. जमिनीचे खरेदीखत झाले तरी सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद होईपर्यंत दप्तर जुन्याच खातेदाराला ओळखते, तशीच ही अवस्था होती. लोखंड बदलले होते, परंतु संगणकाच्या दप्तरी ३.४२ च कायम होते, आणि त्या विसंगतीवर पेटीचे पांघरूण घातलेले होते.

उपाय सरळ होता. पेटी काढून तार पूर्ववत जोडली आणि संगणकाची स्मृती पुनर्लिखित करणाऱ्या एका जाणकाराकडून ४.१० हे गुणोत्तर नोंदवून घेतले. मात्र त्याने त्याच वेळी एक मोलाची गोष्ट समजावून सांगितली, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गीअर बदलण्याचे वेळापत्रक संगणकात रस्त्यावरील वेगाच्या आकड्यांत लिहिलेले असते. स्पीडोमीटरची दुरुस्ती करून ते वेळापत्रक तसेच ठेवले, तर त्याच वेगाला इंजिन आता २० टक्के अधिक फिरत असल्यामुळे, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला असता जो बदल पूर्वी ५,५०० फेऱ्यांवर होत असे तो ६,६०० वर जाऊन पडेल. म्हणजे बदल होण्यापूर्वीच इंजिनाची संरक्षक मर्यादा आड येईल. यास्तव पूर्ण दाबाच्या वेळचे सर्व आकडे त्याने एकषष्ठांशाने खाली आणले. तेव्हापासून तो दिवा पुन्हा पेटला नाही, आणि ज्या गीअरबॉक्सला उतरविण्याची तजवीज झाली होती तोच आजही विनातक्रार चालतो आहे.

या अनुभवावरून असे काम योजणाऱ्यांस माझे सांगणे आहे. गुणोत्तराची निवड भावनेने न करता गणिताने करावी: जुन्या गुणोत्तराला नव्या टायरच्या व्यासाने गुणून जुन्या व्यासाने भागावे. ३.४२ वर ३० च्या जागी ३३ इंची टायर बसविणाऱ्यास ३.७६ हे उत्तर मिळेल व बाजारात मिळणारी ३.७३ ची जोडी पुरेल. ३५ इंचांसाठी मात्र ४.१० कडे वळावे लागेल. वाहन चारही चाकांनी ओढणारे असेल, तर पुढील व मागील दोन्ही डिफरन्शियल एकाच गुणोत्तराची असली पाहिजेत, अन्यथा फोर-व्हील लावताच दोन आस परस्परांविरुद्ध झगडू लागतील. जोडी बसविताना दात्यांमधील मोकळीक मोजणारा आणि रंग लावून दात्यांचा स्पर्शठसा तपासणारा कारागीरच निवडावा, आणि नवी जोडी प्रथम काही शे मैल ओझ्यावाचून सौम्यपणे चालवावी.

परंतु या सर्वांच्या आधी चौकशी करावी ती वेगाच्या माहितीची: आपल्या वाहनात तो वेग कोठे मोजला जातो, शाफ्टपाशी की चाकांपाशी, तो कोणकोणत्या नियंत्रकांकडे जातो, गीअरबॉक्सकडे, ब्रेककडे की दोहोंकडे, आणि नवे गुणोत्तर त्या संगणकात लिहून देणारा माणूस उपलब्ध आहे किंवा नाही. वेग चाकांपाशी मोजला जात असेल, तर स्पीडोमीटर बिनचूक राहील, परंतु चाक व शाफ्ट यांचा मेळ पाहणारा संगणक तरीही घोटाळ्यात पडू शकेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास काम हाती घेऊच नये. महाराष्ट्रातील वाचकांनी हेही ध्यानी ठेवावे की, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलांस मनाई करते. म्हणून टायरचा आकार किंवा आस बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे.

जे वाहन विकू पाहतात त्यांस माझी विशेष विनंती आहे. आपण केलेल्या प्रत्येक फेरबदलाचा दस्तऐवज, बसविलेले गुणोत्तर, टायरचा व्यास आणि संगणकात केलेली नोंद यांसह, वाहनाच्या कागदपत्रांबरोबर ग्राहकाच्या हाती द्यावा. आणि जुने वाहन घेणाऱ्याने गीअरबॉक्स उघडण्यास संमती देण्यापूर्वी प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या एकदा स्वतः मोजून पाहाव्यात. त्याला खर्च काहीही येत नाही.