दह्यातील जंतू आणि पचनमार्गाचा कर्करोग

जंतू म्हटले की रोगाची कल्पना मनात येते. परंतु आपल्या आतड्यांत असंख्य जंतू वास करीत असून त्यांतील पुष्कळसे उपकारक आहेत. दुधाला विरजण लागते तेही जंतूंमुळेच. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबविलेल्या दुधाचा दीर्घायुष्याशी संबंध जोडला. पुरेशा प्रमाणात घेतले असता आरोग्यास हितकारक ठरणाऱ्या अशा जिवंत जंतूंना आज ‘प्रोबायोटिक’ म्हणतात. त्यांच्या पुड्या व कॅप्सूल औषधांच्या दुकानांत मिळतात. त्यांनी कर्करोग टळतो काय, किंवा बरा होतो काय, हे येथे पाहावयाचे आहे.

भाज्या, फळे, कडधान्ये यांतील न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातील जंतू आंबवितात. त्यातून ब्यूटिरिक आम्ल निर्माण होते व आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण होते. याउलट, जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू घातक आहे. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यास कर्करोगकारक ठरविले. त्याच्या निर्मूलनास प्रतिजैविके लागतात. केवळ दह्याने तो जात नाही. मात्र त्या औषधांनी होणारे जुलाब प्रोबायोटिकने कमी होऊ शकतात.

कर्करोगावरील उपचारांतही या जंतूंचे स्थान साहाय्यकाचेच आहे. किरणोपचारामुळे होणारे जुलाब त्यांनी कमी झाल्याचे काही चाचण्यांत आढळले. परंतु कर्करोग त्यांनी बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट, औषधोपचाराने रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या असता हेच जिवंत जंतू रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याविना रुग्णास अशी पुडी देऊ नये.

कतारगामात हिऱ्यांच्या कामानिमित्त अनेकांना दिवसभर बसून राहावे लागते. अंगमेहनतीचा अभाव हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एक कारण आहे. तंबाखू व सुपारीने मुखाचा आणि अन्ननलिकेचा, तर मद्याने यांखेरीज यकृताचा व आतड्याचाही धोका वाढतो. जेवणात ताजे दही-ताक असावे. तथापि सकाळी ताक व दिवसभर मावा, हा हिशेब जुळणारा नव्हे. वटाव मिळाला म्हणून मूळ देणे फिटत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, घास गिळताना अडथळा, अकारण वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत आठवडे दवडू नयेत. शौचातील प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचाच असतो असे नाही. संकोचापायी घरातील स्त्रिया व वृद्ध ही लक्षणे बोलून दाखवीत नाहीत. त्यांची चौकशी आपणच करावी. मोठ्या आतड्याचा कर्करोग आरंभीच ओळखला गेल्यास शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. दही ताटात राहो. परंतु त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नये.