बॉयलर गुडगुडतोय? आधी बाहेरची नळी बघा

ब्रिटनमध्ये २००५ नंतर घरोघरी बसले ते बहुतेक कंडेन्सिंग बॉयलर. धुरातल्या वाफेचं पाणी करून ते तिचीही उष्णता वापरतात आणि पाणी प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर सोडतात. ही नळी गोठली की पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर बंद पडतो. डिसेंबर २०१० च्या थंडीत असंख्य घरांनी हे सोसलं.

गॅसचा वास येत असेल तर पुढचं काहीही करू नका. बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

वास नाही, पण रात्री पारा शून्याखाली गेला होता आणि बॉयलरमधून गुडगुड ऐकू येते आहे? मग संशय नळीवरच. बॉयलर बंद करा. बाहेरच्या भिंतीवर नळी शोधा आणि गटारापर्यंत हात फिरवत जा. बर्फ बहुधा वळणावर किंवा टोकाशी धरतो. तिथे झारीने गरम पाणी ओता, पण उकळतं नको, त्याने नळी तडकते. गरम पाण्याची रबरी पिशवी धरून ठेवली तरी चालते. सांडलेल्या पाण्याचाही बर्फ होतो, म्हणून वाटेवर मीठ टाका. नळी उंचावर असेल तर निसरड्या जमिनीवर शिडी लावू नका, माणूस बोलवा.

टोकातून पाणी वाहू लागलं की बॉयलर चालू करून रीसेट दाबा. दोनदा दाबूनही पेटला नाही तर तिथेच थांबा.

थंडी नसतानाही गुडगुड असेल तर गटाराच्या तोंडाशी पाला, चिखल साचलाय का बघा. हे पाणी आम्लधर्मी असतं, हातमोजे घाला. तिथे सगळं मोकळं असेल तर बॉयलरखालचा ट्रॅप गाळाने भरलेला असू शकतो. तो मात्र गॅस सेफ नोंदणी असलेल्या कारागिराकडूनच साफ करून घ्या. ट्रॅपमधलं पाणी धूर अडवून धरतं. तो कोरडा राहिला तर विषारी वायू घरात शिरू शकतो.

कारागीर आलाच आहे तर नळी घरातल्या घरात सिंकच्या सांडपाण्याला जोडता येईल का, हे विचारा. माझ्या मते हाच खरा उपाय. जमत नसेल तर बाहेरचा भाग आखूड हवा, नळी ३२ मिलिमीटरची, मीटरमागे पाचेक सेंटिमीटर उताराची आणि वरून पाऊस सोसणारं फोमचं वेष्टन. तांब्याची नळी कुणी सुचवली तर ठाम नकार द्या, हे पाणी तांबं खातं.