केदारखेड्याहून तीन वाटा

जालन्याहून भोकरदनकडे जाणारी सडक राजूरच्या गणपतीची टेकडी मागे टाकून पुढे निघाली की पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा हे गाव लागते. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि मराठवाड्यातून वाहत जाऊन गोदावरीस मिळते. दोन्ही बाजूंस काळी जमीन, कापसाची व मक्याची शेते आणि दूरवर डोंगरांची निळसर रेघ, एवढेच दृश्य घाईच्या प्रवाशास दिसते. येथे पाहण्यासारखे काय असणार, असे म्हणून तो मोटार पुढे हाकतो. परंतु याच गावाहून तीन अशा वाटा निघतात, की ज्यांवर दोन हजार वर्षांचा इतिहास पसरलेला आहे. प्रत्येक वाटेचा मोठा भाग मोटारीने जाता येतो. शेवटचा भाग मात्र पायीच चालावा लागतो, आणि खरे पाहणे तेथेच सुरू होते.

पहिली वाट सर्वांत जवळची. ती उत्तरेस भोकरदनला जाते. आजचे भोकरदन हे तालुक्याचे गाव. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची येथील स्तूपासाठी दान देणाऱ्यांची नावे तेथील दगडांवर कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचाही उल्लेख सापडतो. इतक्या दूर दान पाठविणारे हे नगर व्यापाराने संपन्न असले पाहिजे. इसवी सन १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा एका हस्तिदंती मूर्तीचा भग्न भाग हाती लागला. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तेथे १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली होती. या दोहोंत पुष्कळ साम्य आहे. त्यावरून काही विद्वान असे मानतात की, पाँपेईची ती मूर्ती भोगवर्धनच्या कारागिरांनीच घडविली असावी.

भोकरदनला मोटार उभी करून केळणा नदीच्या काठाने चालत जावे. तेथे खडकात कोरलेले लेणे आहे. गावाच्या जुन्या पांढरीवर एखादे खापर दिसले, तर ते उचलून खिशात घालण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कोणती वस्तू मातीच्या कोणत्या थरात सापडली, यावरून संशोधक तिचा काळ ठरवितात. जागेवरून हलविलेले खापर मुके होते.

दुसरी वाट भोकरदनहून पूर्वेकडे असईला जाते. केळणा आणि जुई या दोन नद्या येथे जवळ येत येत एकमेकींस मिळतात. त्यांच्यामधील जमिनीची चिंचोळी पट्टी तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे. जणू नद्यांनी घडविलेले एक द्वीपकल्पच! २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांचे सैन्य आणि इंग्रजांचे सैन्य यांची घनघोर लढाई झाली. मराठ्यांच्या बाजूस शंभराच्या आसपास तोफा होत्या. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली यास वाटाड्यांनी सांगितले की, जवळपास नदीस उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे वसलेली दिसली. इतक्या जवळच्या गावांत ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणारच, असे त्याने ताडले. तो तर्क खरा ठरला. इंग्रजांचा जय झाला. परंतु त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. मराठी गोलंदाज तर तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती तो हाच वेलस्ली.

मोटारीतून हे रणक्षेत्र साध्या शेतांसारखेच दिसते. बांधाबांधाने चालत दोन्ही नद्यांचे काठ पाहिले म्हणजे जमिनीचा चढउतार कळतो, आणि येथे एवढ्या मोठ्या सैन्यास वळावयास जागा किती थोडी होती, हेही ध्यानात येते.

तिसरी वाट सर्वांत लांबची. ती भोकरदन, सिल्लोड, अजिंठा गाव असा प्रवास करून घाट उतरते आणि फर्दापूरला पोहोचते. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी तेथून सुमारे चार किलोमीटरांवर आहेत. परंतु खासगी मोटारींना पुढे जाता येत नाही. त्या तेथेच थांबवून ठरावीक बसगाडीने जावे लागते, आणि नंतर पायऱ्या चढाव्या लागतात. यात गैरसोय वाटली तरी त्यामागे कारण आहे. वाघूर नदीच्या अर्धवर्तुळाकार कड्यात कोरलेल्या या तीस लेण्यांतील चित्रे माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. धूर, धूळ आणि दमट हवा हे अशा चित्रांचे शत्रू होत. माणसांच्या श्वासातील ओलावादेखील त्यांना बाधतो.

इसवी सन १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि ही विस्मृत लेणी पुन्हा जगासमोर आली. मात्र त्याने दहाव्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली! चित्रकारांपैकी एकानेही आपले नाव मोठ्या अक्षरांत मिरविले नाही. पाहुण्याने मात्र ते कोरले. त्याच्यानंतर आलेल्या कित्येकांनी हाच कित्ता गिरविला. १९८३ मध्ये या लेण्यांची जागतिक वारशात गणना झाली. तो वारसा पुढील पिढ्यांच्या हाती अखंड सोपविणे हे आज तेथे जाणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

केदारखेड्याच्या या तीन वाटांवर भेटणारे खापर, बांध आणि चित्र ही तिन्ही वाहनाच्या वेगास दाद देत नाहीत. जो सावकाश चालतो, काही उचलीत नाही आणि कोठे आपले नाव लिहीत नाही, त्याच्यापाशीच ती बोलू लागतात.

स्वाध्याय

१. ‘जागेवरून हलविलेले खापर मुके होते’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
२. नदीस उतार असलाच पाहिजे, असे वेलस्लीने कशावरून ताडले?
३. आपल्या गावाहून निघणारी एखादी वाट निवडा. वाहनाने कोठवर जावे आणि कोठून पायी चालावे, हे दहा ओळींत लिहा.