व्हिडिओ घरी, चर्चा वर्गात. मग सर शिकवतात कधी?

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचे सर व्हिडिओ घरी बघून यायला सांगतात आणि तासाला मुलांनाच आपापसांत चर्चा करायला लावतात. मग सर शिकवतात कधी?

उत्तर : शंका रास्त आहे. फळ्यासमोर तासभर बोलणं म्हणजेच शिकवणं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. या मिश्र पद्धतीत ऐकून समजण्यासारखा भाग घरी होतो आणि जिथे गाडं अडतं तो भाग वर्गात, सर समोर असताना.

गाडं नेमकं कुठे अडतं, हे हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांना १९९०च्या सुमारास उमगलं. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत. पण अवजड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं, यावर अनेकजण चुकले. दोन्ही बलं सारखीच असतात. न्यूटनचा तिसरा नियम पाठ होता, पण पटलेला नव्हता.

म्हणून मॅझूर यांनी तासाची घडीच बदलली. असा एक प्रश्न द्यायचा. प्रत्येकाने मिनिटभर एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं. मग वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्याला पटवताना स्वतःच्या विचारातली फट दिसते. शेवटी प्राध्यापक उलगडा करतात, तोवर प्रत्येकाला उत्तराची ओढ लागलेली असते.

याचा उपयोग होतो का? विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, तर मुलांना चर्चेत किंवा कृतीत सहभागी करून घेणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के.

आता काही गैरसमज. सरांचं काम यात कमी होत नाही. नेमका चकवणारा प्रश्न शोधणं हे व्याख्यानाच्या तयारीइतकंच कष्टाचं आहे. उत्तराचा पर्याय दाखवायला महागडी यंत्रंही लागत नाहीत, अ-ब-क-ड लिहिलेली चार कार्डं पुरतात. मात्र नुसत्या पीडीएफ पाठवून दिल्या आणि वर्गात पुन्हा तेच वाचलं, तर त्याला मिश्र अध्यापन म्हणता येत नाही.

मुलगी ‘काहीच कळत नाही’ म्हणाली, तर लगेच घाबरू नका. हार्वर्डमधल्याच २०१९च्या एका प्रयोगात अशा वर्गातली मुलं चाचणीत सरस ठरली, पण आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटत होतं. डोक्याला ताण पडला की तसं वाटतं.

तेव्हा तिला व्हिडिओ बघायला निवांत वेळ मिळू द्या, कारण तो न बघता गेली तर चर्चा वाया जाते. आणि संध्याकाळी एवढंच विचारा : आज तुझं कोणतं उत्तर बदललं, आणि का?